उजवं विसर

"उजवं विसर."

हे फोरमनचं पहिलं वाक्य. नवा माणूस मैदानावर आला, त्यानं रिमोट हातात धरला, की फोरमन मागून यायचा आणि अंगठा उजवीकडं सरकला की त्यावर स्टीलच्या फूटपट्टीनं टप्पकन मारायचा. "उजवं विसर. इथं फकस्त डावं. उजवं घरी ठिवून यायचं." स्वतःचा रिमोट मात्र तो पोटाशी धरायचा आणि वर मोठा चौकड्याचा रुमाल टाकायचा. का, तर म्हणे रिमोटला ऊन लागतं. आणि आम्ही मूर्ख ते मानत होतो.

तोंडावर मी त्याला कायम साहेब म्हटलं. इथं अरे-तुरे करणार आहे. तेवढी सूट मला पाहिजे. का, ते पुढं वाचलंत की तुम्हीच म्हणाल, कर बाबा.

चिकलठाण्याला तेव्हा जिकडं पाहावं तिकडं नव्या शेडी उभ्या राहत होत्या. आमच्या कंपनीत जपानहून मशीन आलं आणि ते बसवायला एक जपानी इंजिनिअर आला. फोरमन त्याच्या दिमतीला, आणि मी त्या मशीनवरचा ऑपरेटर. जपान्याच्या सामानात दोन गाड्या होत्या. खेळणं म्हणू नका. हातभर लांबीची, बॅटरीवरची गाडी, टायरला रबरी काटे, आणि सुटली की नजर पोचेपर्यंत दुसऱ्या टोकाला. कंपनीच्या मागं मोकळा प्लॉट होता. तिथं मुरूम टाकला, पाणी मारलं, धुम्मसानं चोपून घट्ट केलं आणि अंड्याच्या आकाराची धावपट्टी केली. गाड्या घड्याळाच्या उलट्या फिरवायच्या, म्हणून सगळी वळणं डावीच. रविवारी ते दोघंच तिथं तासन् तास गाड्या फिरवायचे. आम्ही कुंपणापलीकडून बघायचो.

जाताना जपान्यानं लाल गाडी फोरमनला दिली आणि निळी मला. मी त्याला रोज उकळलेलं पाणी आणून द्यायचो, एवढंच माझं कर्तृत्व. फोरमनला दोन्ही पाहिजे होत्या. मला गाडी मिळाली तेव्हा त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्याच्या ताटातली भाकरी उचलली.

मग लोण पसरलं. कोणाचा मेहुणा दुबईत, कोणाचा साडू मुंबईला बंदरावर. अकाउंट्सवाल्यानं गाडी आणवली, स्टोअरवाल्यानं आणवली, फोरमनचा धाकटा भाऊ वाळूजला दुसऱ्या कंपनीत होता, त्यानंही आणवली. रविवारी मैदान भरायला लागलं. शिकवणारा एकच, फोरमन.

त्यानं शिकवलं, हे खरं आहे. आधी रिमोट नाही, गाडी नाही, नुसतं पायानं त्या पट्टीवर फिरायचं. "माती वळख. कुठं भुसभुशीत, कुठं घट्ट." मग गाडी हातानं ढकलत न्यायची, ओणवं होऊन, मोठ्या माणसांनी, बायकापोरांसमोर. त्यानंतर कुठं बॅटरी. बॅटरी तापली असेल तर लगेच चार्जिंगला लावायची नाही, टायर ओल्या फडक्यानं पुसायचे, वेग नंतर, आधी एक फेरी न उलटता. आज कोणी नवा मुलगा मला विचारतो, काका, सुरुवात कशी करू, तर मी हेच सांगतो, त्याच्याच शब्दांत. फक्त फूटपट्टी घेत नाही.

आणि एक नियम. तो मात्र सोन्याचा होता. रिमोटमध्ये नखाएवढा क्रिस्टल असतो, त्याचा जोडीदार गाडीत. प्रत्येक जोडीचा एक रंग. एकाच रंगाचे दोन रिमोट एकदम चालू झाले, की गाडी कोणाचंच ऐकत नाही, पिसाळल्यासारखी कुठंही सुटते. म्हणून फोरमननं बाभळीला एक फळी टांगली आणि तिला कपड्याचे लाकडी चिमटे लावले, रंगवलेले. आपल्या रंगाचा चिमटा काढून खिशाला लावल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही. एरियलला त्याच रंगाची रिबीन बांधायची. मॅनेजर असो का झाडूवाला, चिमटा नाही तर गाडी नाही. जास्तीचे सगळे क्रिस्टल जपान्यानं त्याच्याकडंच ठेवायला दिले होते. ते तो पत्र्याच्या सुपारीच्या डबीत ठेवायचा आणि बोलता बोलता डबी कानाशी धरून खुळखुळ वाजवायचा.

माणूस दुष्ट होता. उगाच गोड कशाला बोलू? अकाउंट्सवाल्यानं पहिल्या रेसला बायको-मुलं आणली, डबा आणला, सतरंजी अंथरली. फोरमननं "बघू तुमचं मशीन" म्हणत त्याचा रिमोट हातात घेतला आणि मागचं बटण गुपचूप उलटं करून दिलं. आता डावं दाबलं की गाडी उजवीकडं जाणार. शिट्टी झाली. बिचाऱ्याची गाडी थेट सतरंजीवर, वहिनींच्या मटकीच्या भाजीत. सगळे पोट धरून हसले. फोरमन गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "साहेब, भूक लागली व्हय गाडीला?" अकाउंट्सवाल्याचा मुलगा रडायला लागला, तेव्हाही हसणं थांबलं नाही. पुन्हा तो माणूस मैदानावर दिसला नाही. स्टोअरवाल्याची गाडी उलटली की फोरमन त्याला ती डोक्यावर घेऊन पूर्ण फेरी मारायला लावायचा. "गाडी तुला बसवून नेत नाय तर तू तिला ने."

आणि जिंकायचा तोच. दर रविवारी. आम्ही वळणावर डावं दाबून धरायचो, गाडीचा मागचा भाग घसरायचा आणि गाडी गर्रकन फिरून उलटी तोंड करून उभी राहायची. त्याची लाल मात्र तिरकी घसरत, धूळ उडवत, एका दमात वळण काढायची. त्याच्या मागं दुसरा नंबर कायम त्याच्या भावाचा. "रक्तात लागतंय," फोरमन म्हणायचा.

मग नामांतराचं वातावरण तापलं. विद्यापीठाच्या नावावरून शहर दोन बाजूंना उभं राहिलं. कँटीनमध्ये टेबलं वेगळी झाली. मी औरंगपुऱ्यात निळी रिबीन घ्यायला गेलो, तर दुकानदारानं माझ्याकडं पाहून विचारलं, "कितने मीटर? मोर्चे के लिए?" मी म्हटलं, खेळातल्या गाडीला पाहिजे, वीतभर. तो हसला. माझ्या मामाचं घर गावाकडं त्या काळात जळालं. त्यावर इथं जास्त बोलत नाही.

त्या रविवारी मी मैदानावर गेलो, तर फळीवर निळ्याची जागा रिकामी.

"साहेब, निळा चिमटा?"

"नाय."

"पडला का कुठं?"

"काढला. आपल्याला इथं मोर्चा नाय काढायचा."

"गाडीचा रंग हाय साहेब तो, माझा नाय."

"तुझा बी हायच की," फोरमन म्हणाला आणि डबी वाजवली.

बाकीचे सगळे खाली बघून आपापल्या बॅटऱ्या जोडायला लागले. इतक्या मन लावून मी त्यांना कधी बॅटऱ्या जोडताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, दुसऱ्या रंगाचा क्रिस्टल द्या, डबीत आहेत. तर म्हणाला, "ते क्लबाचे हायेत. चिमटा नाय तर चालू करायचं नाय. नियम म्हणजे नियम."

"मग मी काय करू?"

"वळणावर उभा राहा. उलटल्याल्या गाड्या उचल."

आता, ज्याची रेस झाली त्यानं पुढच्या रेसला वळणावर उभं राहून इतरांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, ही आमची रीतच होती. पाळीपाळीनं सगळे करायचे. माझी पाळी त्या दिवशी सुरू झाली ती संपलीच नाही. रविवारमागून रविवार गेले. ऊन डोक्यावर, मुरमाची धूळ नाकातोंडात, आणि तिकडून आरोळी, "ए, लाल पलटी झाली तर हळू उचल बरं, स्क्रॅच नको!" लाल कधी पलटी होतच नव्हती, पण ओरडायची हौस.

मामाचं घर जाळणाऱ्यांपेक्षा मला या चिमट्याचा राग जास्त आला, हे ऐकायला बरं वाटणार नाही. पण तसं होतं. ते अंधारात आले होते. हा भर उन्हात, हसत, नियम सांगत होता.

घरात बायको म्हणायची, "जाता कशाला मग? लाज नाही वाटत?" वाटायची. पण मला ती गाडी त्या मातीवर पळवायची होती आणि एकदा, फक्त एकदा, लालच्या पुढं काढायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं.

एकदा कोणाची तरी गाडी उचलताना पत्र्याची कड लागून माझा तळवा फाटला. रक्त थांबेना. सगळ्यात आधी कोण धावत आलं असेल? फोरमन. रिमोटवरचा तोच रुमाल त्यानं काढला आणि माझ्या हाताला करकचून बांधला. "मूठ मिट. वर धर. रगत पट्टीवर सांडू नको, चिखल व्हतो." गाठ अशी पक्की मारली की कंपनीतल्या दवाखान्यात ती कापावी लागली. दुष्ट होता, पण गाठ चांगली मारायचा.

आता वळणावर उभं राहण्याची गंमत ऐका. गाड्या चालवणारे लांब, मशीनच्या रिकाम्या लाकडी खोक्यावर उभे. तिथून दिसते धूळ आणि गाडीची पाठ. मी वळणाच्या आत, चार हातांवर. फाटलेला हात घेऊन उकिडवा बसलो होतो, तेव्हा लाल माझ्या नाकासमोरून गेली आणि मी तिची पुढची चाकं पाहिली.

चाकं उजवीकडं होती.

गाडी डावीकडं वळत होती आणि चाकं उजवीकडं होती! मला वाटलं, डोळ्यात धूळ गेली. पुढच्या फेरीला पुन्हा पाहिलं. वळणात शिरताना डावं, आणि मागचा भाग घसरायला लागला रे लागला की लगेच हलकं उजवं. त्यानं घसरण सावरते आणि गाडी तिरकी राहून वळण काढते. मागून भावाची गाडी आली, तिचीही चाकं उजवीकडं. बाकी सगळे आम्ही डावं दाबून गरागरा फिरत होतो.

म्हणजे "उजवं विसर" म्हणून अंगठ्यावर फूटपट्टी मारणाऱ्यानं सगळं खरं शिकवलं होतं, एक सोडून. आणि रुमाल उन्हासाठी नव्हता.

मी कोणालाही बोललो नाही. उन्हाळ्यात हर्सूलच्या तलावाचं पाणी बरंच मागं सरकलं होतं. कामावर जायच्या आधी पहाटे सायकलवर गाडी बांधून मी तिथं जायचो. तिथं ना फळी, ना चिमटा. वाळक्या गाळात दोन दगड मांडायचे आणि त्यांच्याभोवती फिरवायची. अंगठा उजवीकडं जायलाच तयार नसायचा, इतकी फूटपट्टी हाडात मुरली होती. हळूहळू जायला लागला. पहिल्यांदा गाडी तिरकी घसरत वळण काढून गेली, तेव्हा मी एकटाच मोठ्यानं ओरडलो. म्हशी घेऊन आलेल्या एका बाईनं विचारलं, "काय झालं ओ? काटा मोडला का?"

दुसरं मशीन बसवायला जपानी परत आला. कंपनीचा वर्धापनदिन होता, मोठे साहेब, कुटुंबं, मंडप, सरबत, आणि मागच्या प्लॉटवर रेस. जपान्यानं फळी पाहिली आणि विचारलं, "ब्लू? ब्लू कार?" मोठ्या साहेबांनी फोरमनकडं पाहिलं.

"हाय की, साहेब!" फोरमन म्हणाला. "आपलाच पोरगा हाय." आणि खिशातून निळा चिमटा काढून त्यानं स्वतः माझ्या शर्टाला लावला. इतके दिवस खिशातच घेऊन फिरत होता.

शेवटच्या रेसला लाल, भावाची पिवळी, माझी निळी आणि अजून एक-दोन. शिट्टी झाली. पहिल्याच वळणाला मी उजवं दिलं आणि गाडी घसरत सुंदर बाहेर पडली. पिवळी मागं टाकली. भाऊ माझ्या शेजारीच उभा होता, त्याच्या तोंडून "आँ?" निघालं. मग लालच्या शेपटाला लागलो. शेवटच्या फेऱ्या राहिल्या असताना, मंडपाकडच्या वळणावर, मी बाहेरून लालच्या पुढं गेलो. लोक ओरडले. जपानी टाळ्या वाजवत होता. मी पुढं होतो!

फोरमन गाडीकडं बघतच नव्हता. तो माझ्या अंगठ्याकडं बघत होता.

मग मला रुमालाखाली डबीचं झाकण वाजल्यासारखं वाटलं. आणि माझ्या गाडीनं माझं ऐकणं बंद केलं. सरळ, फुल वेगात, पट्टी सोडून, मुरमाच्या ढिगावरून उडून नव्या शेडच्या पायासाठी टाकलेल्या दगडांवर जाऊन आपटली. आवाज अजून कानात आहे. लोक तिकडं बघत होते. मी पट्टीकडं पाहिलं. लाल गाडी मधोमध गप्प उभी होती.

"बॅटरी गेली," फोरमन म्हणाला.

बॅटरी नव्हती गेली. त्यानं आपल्या रिमोटमधला लाल क्रिस्टल उपटला होता आणि डबीतला निळा खोचला होता. काडेपेटीतून काडी काढून ओढायला लागतो तेवढा वेळ. लाल क्रिस्टल निघाला म्हणून त्याची गाडी थांबली, निळा लागला म्हणून माझी पिसाळली. स्वतःची रेस घालवून त्यानं माझी गाडी फोडली. ज्या माणसानं तो नियम केला, त्यानंच. माझ्याकडं पुरावा काय? धुळीत उभी राहिलेली एक लाल गाडी.

दगडांतून माझी गाडी मीच वेचून आणली. मधला सांगाडा मोडून दोन तुकडे झाले होते आणि आतल्या रेडिओचा चुरा. असे भाग इथं कुठं मिळायचे?

बक्षीस भावाला मिळालं. तो ढाल घेऊन खाली आला, तर फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, "घरातलं बाहेर दिलंस."

"काय दिलं?"

"उजवं. तुझ्याबिगर कोणाला ठावं व्हतं?"

"दादा, आईची शपथ, मी नाय सांगितलं."

"मंग याला काय सपनात दिसलं?"

भावानं माझ्याकडं पाहिलं. मी हातातले तुकडे बघत राहिलो. मी कशाला तोंड उघडू? माझा चिमटा काढला तेव्हा या भावानंही मान खाली घालून बॅटरी जोडली होती.

पुढच्या रविवारी मी मोकळ्या हातानं गेलो, सवयीनं. फळीवर निळा चिमटा टांगलेला. नवा रंग दिलेला, चकचकीत.

"घे की," फोरमन म्हणाला. "निळं आता मोकळं हाय."

दोघं-तिघं हसले. मी मागं फिरलो, तो पुन्हा त्या मैदानावर गेलो नाही.

फोरमननं भावाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. पुंडलिकनगरात दोघांचं एक घर होतं, भाऊ बायकापोरं घेऊन बाहेर पडला. पुढं नामांतर झालं. मैदानावर शेड उभी राहिली. मी फोरमनच्याच हाताखाली नोकरी केली, तो निवृत्त होईपर्यंत. मशीनपलीकडं आम्ही एक शब्द बोललो नाही.

तो जायच्या थोडे दिवस आधी त्याचा भाऊ माझ्या घरी आला. केस पांढरे झाले होते. "दादाचं काय खरं नाय आता. मला घरात घेत नाय. तुम्ही एकदा सांगा त्यांना, मी नव्हतं सांगितलं म्हणून. तेवढं करा." बायकोनं आतून माझ्याकडं पाहिलं. मी चप्पल घातली.

भाऊ स्कूटर लावून गेटबाहेरच उभा राहिला. मी आत गेलो. फोरमन पलंगावर होता, नुसती हाडं. उशाशी सुपारीची डबी.

"निळा आला व्हय," तो म्हणाला.

"साहेब, उजवं मला तुमच्या भावानं नाही सांगितलं. तुम्ही मला वळणावर उभं केलं होतं. तिथून तुमच्या गाडीची चाकं दिसायची. तुमच्याकडूनच शिकलो मी."

त्यानं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. त्याचा अंगठा चादरीवर हलत होता.

"खोटं," तो म्हणाला.

"मी कशाला खोटं बोलू?"

"गाड्या उचलणाऱ्याला काय दिसतंय? त्यानंच सांगितलं."

"आणि तो निळा क्रिस्टल, साहेब?"

"ते व्हय. ते मीच," तो म्हणाला, वेळ विचारल्यावर सांगावी तसं. मग कुशीवर वळता वळता, भिंतीकडं तोंड करून, "पळवली मात्र लई भारी तू." इतक्या वर्षांत कोणाकडून तरी तेवढंच ऐकायचं होतं, आणि ते याच्याकडून ऐकायला मिळावं! त्या क्षणी मला तो माणूस आवडला आणि त्या डबीसकट त्याला उचलून आपटावंसं वाटलं, दोन्ही एकदम. पुन्हा एकदा भावाचं सांगून पाहिलं. त्यानं हात वर करून मला गप्प केलं.

बाहेर आलो. भाऊ गेटचा गज धरून उभा होता.

"काय म्हणले?"

मी म्हटलं, "मानलं त्यांनी. चूक झाली म्हणाले. तुमची आठवण काढली."

त्यानं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. आतल्या माणसानं पाहिलं होतं तसंच, त्याच डोळ्यांनी.

"खोटं," तो म्हणाला, आणि मला न घेताच स्कूटरला किक मारून निघून गेला.